पाडव्याची ड्युटी

आमच्या मानपाड्याच्या रंगाच्या कंपनीत एक न लिहिलेला कायदा आहे. दिवाळीच्या पाडव्याला लग्न झालेले घरी, बिनलग्नाचे कामावर. बायको नवऱ्याला ओवाळते ना, म्हणून सुट्टी त्यांची. लॅबमध्ये मात्र एक माणूस लागतोच, आणि तो दरवर्षी मी, नाहीतर सलिल. "क्षिप्रा, तुझ्यामागे काय आहे?" म्हणतात. माझ्यामागे माझी झोप आहे, पण ती कोणी हिशोबात धरत नाही.

सलिल ठाकुर्लीला मयूरबरोबर राहतो. ऑफिसात सगळे मयूरला 'रूममेट' म्हणतात. त्यांचा संसार मी पाहिलाय, गॅस कोणी चालू ठेवला यावरून भांडतात. मयूरच्या आईनं आजवर त्या घराची पायरी चढली नव्हती. यंदा ती स्वतःहून म्हणाली, "पाडव्याला येते. तुम्ही ओवाळता ते बघू दे." आणि नेमकी ड्युटी परत सलिललाच लागलेली.

आमचे सुपरवायझर विश्रामदादा इथलेच, मानपाड्याचे. सलिल त्यांच्याकडे सुट्टी मागायला गेला, मी मागे उभी.

"तुला कशाला रं पाडवा? तुला कोन ओवालनार?"

सलिलचे कान लाल झाले. मला वाटलं, आता मारतो थाप.

"मयूर," तो म्हणाला. "रूममेट नाही तो, दादा. आमचं घर आहे."

दादांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मंग भेट कोन कोनाला देतो?"

"दोघंही एकमेकांना."

"मेलास तू खर्चानं. जा, घे सुट्टी. ड्युटी क्षिप्रा करंल."

इथे माझं डोकं फिरलं. "का? लग्नवाले सुटले, सलिल सुटला, मी काय रस्त्यावर पडलेय? चिठ्ठ्या टाका. गेल्या वर्षी सलिलनं केली, तो सोडून सगळ्यांच्या. तुमची पण."

"गोदा मला घरात घेनार नाय," दादा पुटपुटले, पण बायकोच्या धाकातही त्यांनी आपली चिठ्ठी चहाच्या मगात टाकली.

चिठ्ठी निघाली माझीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळे हसले, मीही हसले. पण खरं सांगते, वाईट नाही वाटलं. इतकी वर्षं ड्युटी माझ्यावर ढकललेली, यंदा चिठ्ठी दादांचीही निघू शकली असती.

पाडव्याच्या दुपारी गेटवरून वॉचमनचा फोन आला. बाहेर सलिल आणि मयूर, दोघांच्या कपाळाला कुंकू, आणि स्टीलचा डबा घेतलेली मयूरची आई.

"आधी कोण ओवाळणार यावर भांडत बसले," ती म्हणाली. "मग मीच दोघांना शेजारी बसवलं आणि ओवाळलं." मग माझ्याकडे वळली. "आणि तुझ्या घरी कोण असतं गं?"

झालं, म्हटलं, आली गाडी माझ्या लग्नावर. "कोणी नाही. मजेत आहे मी."

"मग पुढच्या पाडव्याला आमच्याकडे जेवायला ये," तिनं डबा माझ्या हातात दिला. "दुपारीच ये पण. सकाळी तुला झोपायचं असतं, सलिल सांगत होता."

एवढ्या वर्षांत माझी झोप पहिल्यांदाच कोणीतरी हिशोबात धरली.