दोन सशांचा डोंगर

पाचव्या महिन्यात पिंकीचं मूल पोटातच गेलं. महाळुंग्याच्या फ्लॅटवर तिला एकटीला करमेना, म्हणून तिच्या नवऱ्यानं, मनीषनं, तिला रिहे गावी आईकडं आणून सोडलं आणि तो कामावर परत गेला.

आल्यापासून पिंकी बोलतच नव्हती. खिडकीशी पाय पोटाशी घेऊन बसायची आणि मोबाईलवर गेम खेळायची. ताट पुढं ठेवलं की चार घास खायची, उचललं की पुन्हा गेम. शेजारच्या धोंडाबाई डोकावून म्हणाल्या, "एवढं झालं तरी हिला खेळ सुचतोय व्हय?" पिंकीच्या आईनं, रत्नाबाईंनी, त्यांना अंगणातच चहा दिला आणि वाटेला लावलं. पण मनातून त्यांनाही ते खुपत होतं. पोरीनं गळ्यात पडून रडावं, असं त्यांना वाटत होतं. रडणाऱ्या लेकराला जवळ घेता येतं. खेळणाऱ्याला कसं घ्यायचं?

एका दुपारी भांडी पालथी घालून त्या लेकीजवळ येऊन टेकल्या.

"काय खेळतीयास?"

"काय न्हाई गं."

"मला येईल का?"

पिंकीनं मान वर केली. आईला अजून फोन उचलताना दोनदा चष्मा पुसायला लागायचा. तरी तिनं आईचा मोबाईल घेतला आणि दोघींनी मिळून खेळायचा एक गेम लावून दिला. त्यात दोन ससे होते. एकानं दोर धरायचा, दुसऱ्यानं उडी मारायची, असं करत डोंगर चढायचा. एक पडला की दोघंही पायथ्याशी.

रत्नाबाईंचा ससा ओढ्यात पडला. पुन्हा पडला. मग त्यांनी बोट असं दाबलं की ससा उलटाच पळत सुटला.

"अगं बया, कुटं निघालं हे मेलं? धर की त्याला!" म्हणत त्या स्वतःच उजवीकडं कलल्या आणि भिंतीला टेकल्या.

पिंकीला हसू फुटलं. हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"आई, हितं पडलं ना, की का पडलं ते कळतं. उडी लवकर मारली, न्हाईतर दोर सुटला. तितं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, माझं काय चुकलं? त्या म्हणाल्या, कधी कधी असं होतं. नुसतंच कसं होतं गं असं?"

रत्नाबाईंनी मोबाईल खाली ठेवला.

"तुझं काय बी चुकलं न्हाई, पिंके. रोहितच्या आधी मला बी एक झालं होतं. बारसं व्हायच्या आधीच गेलं."

पिंकी बघतच राहिली. भावाच्या आधी कुणी होतं, हे तिला घरात कुणी सांगितलंच नव्हतं.

"सासूबाई म्हणल्या, कामाला लाग, विसरशील. पण भात कांडताना तर जास्तच आठवायचं. मग तुझी शारदाआत्या सागरगोटे घेऊन आली. दुपारची माळ्यावर लपून खेळायचो आमी. गोटा वर गेला की तो हातात येईस्तोवर डोक्यात दुसरं काय बी न्हाई. तेवढाच जीव हलका व्हायचा. कुणी बघितलं असतं तर म्हणलं असतं, पोर गेलं अन् ही खेळतीया."

पिंकी आईच्या मांडीवर डोकं टाकून रडली, अगदी लहानपणी रडायची तशी. रत्नाबाई तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

त्यानंतर रोज दुपारी मायलेकी खेळायला बसू लागल्या. गप्पाही खेळताना आपसूक निघायच्या.

रविवारी मनीष आला. ओटीवर कडेला बसून "गोळ्या घेतेस ना?" एवढंच त्यानं विचारलं. रत्नाबाईंनी आपला मोबाईल त्याच्या हातात दिला.

"जावईबापू, माझा ससा लई धडपडतोय. तुमी घ्या जरा."

आणि त्या भाकऱ्या थापायला आत गेल्या. बाहेरून आधी "अरे, डावीकडं!" "अगं, थांब तरी!" असं ऐकू येत होतं. जरा वेळानं पिंकीचा आवाज आला, अगदी हळू.

"मनीष, तू कसा आहेस?"

"हे कुणी विचारलंच नाही मला," तो म्हणाला.

रत्नाबाई बाहेर आल्या नाहीत. त्यांनी परातीत आणखी थोडं पीठ घेतलं. त्या दिवशी मनीष परत गेला नाही. साहेबांना फोन करून त्यानं सोमवारची सुट्टी काढली. उन्हं उतरल्यावर दोघं भातखाचरांच्या बांधावरून फिरून आली, तेव्हा दोघांच्याही चपला चिखलानं भरल्या होत्या.