राम दारात अडला

माझ्या राहीला नवऱ्यानं, सहादेवानं, घरातून हाकलली. का, तर ती चार महिने नारायणगावला टोमॅटो तोडायला गेल्ती. "तितं कुनाबरुबर ऱ्हात हुतीस?" म्हनं! मेल्याची जीभ कशी झडली न्हाई? वरीसभर पोर माझ्या दारात. मला येकच घोर, सहादेवानं तिला परत न्यावी. माझ्यामागं तिला कोन बघनार?

त्र्याण्णव साली आमच्या अकोल्याकडच्या गावात बोहडा निघाला. देवादिकांची सोंगं गावभर फिरली. रामाचा मान सहादेवाच्या घरान्याचा, सोंग त्योच घ्यायचा. मुखवटा चढवला की मानूस देव हुतो. त्यानं बोलायचं न्हाई, मुखवटा काढायचा न्हाई. दारात आलेल्या सोंगाला घरच्या बाईनं ओवाळायचं, त्याबिगर सोंग फुडं सरकत न्हाई. उजाडलं तवा संबळाच्या तालावर नाचत राम माझ्या दारात आला.

मी राहीच्या हातात ताट दिलं. कानात म्हनलं, "गोड बोल. पाया पड."

ती उंबऱ्यावर हुबी. हात काय हालंना.

"अगं, ओवाळ की!" काकासाहेब पाटील वरडले. "मागं रावण खोळंबलाय!"

"रामा," राही म्हनली, "सीता आगीतून गेली, तरी तिला घालवलीच. माझं काय चुकलं ते सांग."

संबळ वाजायचं थांबलं.

"छबूबाई, आवर पोरीला!" पाटील माझ्यावर खेकसले.

मी तिचा पदर वढला. तिनं झटकला. "देवाला बोलता येत न्हाई, तर मानसानं बोलावं. तवर मी ओवाळनार न्हाई."

आता हितं काय इपरीत घडतंय! रामानं दोनी हात वर नेले आन मुखवटा काढला. बायांनी तोंडावर पदर घेतला.

"तिचं कायबी चुकलं न्हाई," सहादेव घामानं थबथबलेला. "लोकांचं आयकून मी बोललो. राही, घरी चल."

मला रडूच फुटलं. मी आत पळाले, तिची लुगडी गाठोड्यात कोंबली आन भाईर आले.

राही त्याला म्हनत हुती, "मुखवटा घाल." त्यानं घातला. तिनं रामाला ओवाळलं, नमस्कार केला. "आता जा फुडं."

"आन तू?" मुखवट्याआडनं आवाज आला.

"सीता भुईत गेली. मला आवंदा भुईत भात लावायचाय. आईच्या वावरात."

मी गाठोडं तितंच आपटलं आन तिला लई शिव्या दिल्या. पर तिला जवळ घेतल्याबिगर मला ऱ्हावलं न्हाई.