नजीरा मॅडमनी विचारलं
"मॅडम, ही इस्त्री ठिवा तुमच्याकडं. मला न्हाई लागायची आता," असं म्हणत क्रांतीनं इस्त्री टेबलावर ठेवली आणि ती वळली.

मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर नजीरा मॅडमनी हातातली वही मिटली. रविवारची दुपार, बाकीच्या मुली जोतिबाला गेलेल्या. सकाळी क्रांतीच्या खोलीतली मुलगी क्रांतीचाच रेनकोट घालून निघाली होती. क्रांतीनं कायमचा दिला म्हणाली, तेव्हा मॅडमना कौतुकच वाटलं होतं. आता ही इस्त्री. धो धो पावसाच्या गगनबावड्याची पोर ऐन श्रावणात रेनकोट देऊन टाकते होय?

दोन वर्षांपूर्वी इथलीच वर्षाराणी हल्लीच्या क्रांतीसारखीच गप्प गप्प झाली होती. "बरी हायस न्हवं?" मॅडमनी जिन्यात विचारलं, ती "व्हय" म्हणाली आणि मॅडम हजेरी घ्यायला निघून गेल्या. चार दिवसांनी तिनं जीव दिला. इथली माणसं पगार किती, लग्न का मोडलं, काहीही तोंडावर विचारतात. मरणाचं तेवढं विचारत नाहीत. अभद्र बोललं की खरं होतं म्हणे. मॅडमनीही तेच टाळलं होतं आणि ते त्यांना अजून टोचत होतं.

त्यांनी क्रांतीला हाक मारून शेजारी बसवलं.

"क्रांती, जीव द्यायचा इचार येतोय का तुझ्या मनात?"

"व्हय," क्रांती म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली.

मॅडमनी उपदेश केला नाही. झोप उडाल्याचं, परीक्षेचं, घरी खोटं सांगितल्याचं, सगळं ऐकून घेतलं. तिला विचारूनच गावी फोन लावला, कॉलेजच्या समुपदेशक बाईंना बोलावलं आणि आई येईपर्यंत तिला क्षणभरही एकटं सोडलं नाही.

आई, चिमणाबाई, संध्याकाळी पोचली. डॉक्टरांची वेळ ठरली होती. सगळं कळल्यावर तिचा राग मॅडमवरच निघाला.

"असलं अभद्र तोंडातनं काढलंसा तरी कसं, बाई?"

मॅडमनी डॉक्टरांच्या पत्त्याची चिठ्ठी तिच्या हातात दिली. मायलेकी गेल्या. वसतिगृहातल्या मुली रेक्टरपासून लांबच असतात आणि मॅडमना घरचं असं कुणी उरलं नव्हतं. रोज एकटीचं ताट वाढून घ्यायचं आणि भिंतीकडं बघत जेवायचं.

महिन्याभरानं त्या जेवत असतानाच क्रांतीचा फोन आला. औषधं चालू होती. विचार अजून येई, पण आला की ती आईला सांगे. मग हळूच म्हणाली, "मॅडम, तुमच्या मनात कवा आलता का असा इचार?"

"आलता की. वर्षाराणी गेली तवा."

"मग?"

"मग काय. मला कुणी इचारलंच न्हाई."

"आन् आता? आता येतोय का?"

मॅडमनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. घाईघाईनं 'न्हाई' म्हणून टाकायला त्यांची जीभ उचलेना.