मागच्या सीटवरची थंडी

हिराबाईंच्या अस्थी घरात न्यायच्या नव्हत्या, म्हणून त्या रात्रभर गाडीतच राहणार होत्या. शिवाजी पेठेतल्या त्या बोळात झाड नाही, नाहीतर गाठोडं फांदीला बांधलं असतं. जोतीरामनं लाल फडक्यात बांधलेला आईच्या अस्थींचा तांब्या मागच्या सीटवर ठेवला आणि रोजच्या सवयीनं माडीच्या खिडकीतून गाडीच्या चार्जरची वायर खाली सोडली.

थोरली आत्या, अक्का, दारातच उभी होती. "काढ ती वायर."

"उद्या मलकापूरच्या म्होरं जायचं हाय, अक्का. बॅटरी निम्मीच हाय."

"असू दे. वायरीचं एक टोक तिच्यापाशी आन् दुसरं आपल्या घरात. माघारी यायला वाट करून देतोस व्हय तिला?"

"वायरीवरनं चालत यायला आई काय मुंगी हाय व्हय?" संयोगिता, त्याची धाकटी बहीण, म्हणाली. अक्का हसली नाही. तिनं स्वतः वर जाऊन प्लग उपटला, वायर गुंडाळली आणि ट्रंकेत टाकून कडी लावली.

गाडीच्या पडद्यावर बॅटरीत उरलेले चौऱ्याऐंशी किलोमीटर दिसत होते. आईचं माहेर कडवी नदीकाठी, बावन्न किलोमीटरवर. पुरतंय की, जोतीरामला वाटलं.

पहाटे तो आकडा एकाहत्तर झालेला होता.

"तेरा किलोमीटर गेलं कुठं?" संयोगितानं विचारलं.

"थंडीनं. बॅटरीबी माणसासारखीच. गारठली की हात आखडून बसती."

अक्कानं दोघांच्या हातावर दही ठेवलं. "वाटंत थांबायचं न्हाय. अस्थी जिथं थांबत्यात, तिथंच जीव घुटमळतो. आन् तिला माहेरीच पोचायचं हुतं, ध्यानात ठेव."

पौषाचा महिना. पंचगंगेवर धुकं असं पसरलं होतं, की पूल कुठं संपतो आणि पाणी कुठं लागतं ते कळत नव्हतं. जोतीरामनं हीटर लावला नाही. हीटर बॅटरी पितो. दोघं कानटोप्या ओढून बसली. उसाचे फड काळे, त्यावर दव पांढरं. मग संयोगिता गुणगुणायला लागली. आई दळण निवडताना म्हणायची ती ओवी.

पौषाच्या महिन्यात दव पडं पानोपानी,
लेक निघाली माहेरा ऊन बांधून पदरानी.

वाघबीळला आकडा एक्केचाळीस. वाट उरली बत्तीस. बांबवड्याला आकडा बावीस, वाट वीस. जणू कुणीतरी मागं बसून घोट घोट पीत होतं.

बांबवडं मागं पडलं आणि गाडी टुणटुणू लागली.

मागच्या सीटवर माणूस बसून पट्टा लावला नाही की ती तशी वाजते. मागं गाठोडं होतं, किलोभराचं. पाच किलो ज्वारीच्या पिशवीलाही ही गाडी कधी वाजली नव्हती.

"सेन्सर गारठला आसंल," जोतीराम म्हणाला.

संयोगितानं मागं वळून गाठोड्यावरून पट्टा ओढला, अडकवला. आवाज थांबला. पण ती पुन्हा पुढं वळेना.

"दादा. मागची काच बघ."

त्यानं आरशात पाहिलं. उजवीकडची काच स्वच्छ होती. डावीकडची, गाठोड्याशेजारची, आतून धुरकटली होती. बघता बघता तो डाग लहान झाला, पुन्हा मोठा झाला. लहान, मोठा. दमेकऱ्यानं धीरानं घेतलेल्या श्वासासारखा.

"तिला गार लागतंय," संयोगिता म्हणाली.

दवाखान्यातल्या त्या थंडगार खोलीत आई जोतीरामला हेच म्हणाली होती. "जोत्या, गार लागतंय रं. जरा ऊन दे की." एसी बंद करता येत नाही म्हणून नर्सनं सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, "सकाळी बघू, आई." ती सकाळ आईला दिसली नाही.

आकडा सोळा. वाट पंधरा.

"हीटर लावला तर पोचत न्हाय आपण. आन् मलकापुरात चार्जिंगला थांबता येत न्हाय."

"ठावं हाय मला."

आकडा तेरा, वाट बारा. मग त्यानं बटण दाबलं. आकडा एकदम अकरावर आला. गरम वारा मागं गेला, आणि मागून एक हलका सुस्कारा आला. वाऱ्याचाच असेल. काच हळूहळू निवळली.

नदीच्या उतारापाशी, किलोमीटरभर आधी, गाडीचा जोर संपला. वेग वीस झाला, मग दहा.

"थांबायचं न्हाय तिला," संयोगिता म्हणाली. चालत्या गाडीतच ती मागं झुकली, पट्टा सोडला, गाठोडं पदरात बांधलं आणि चाकं फिरत असतानाच दार उघडून रस्त्यावर उतरली. एक क्षणही न थांबता ती चालू लागली. जोतीराम गाडी कडेला लावून धावत तिच्या मागं गेला.

"कोमट लागतंय," ती पदरावर हात ठेवून म्हणाली. "आत्ताच चुलीवरनं उतरवल्यागत."

कडवीचं पाणी बर्फासारखं होतं. राख पाण्यात पांढरी पसरली आणि गेली. दोघांनी रिकामा तांब्या तिथंच सोडला, आणि दोघं मागं न बघता चढ चढली.

तोवर ऊन आलं होतं. उन्हानं बॅटरी जरा सैलावली. पडद्यावर सहा किलोमीटर उगवले. मलकापुरात चार्जिंग होतं, तिथवर पुरणार होते. जोतीरामनं हीटर बंद केला.

टुण. टुण. टुण.

मागच्या सीटवर काहीच नव्हतं. डावीकडची काच मात्र धुरकटत होती.

संयोगितानं त्याच्याकडं पाहिलं. "राहू दे की दादा, हीटर."

त्यानं तो पुन्हा लावला. तिनं हात मागं नेऊन रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि अडकवला. आवाज थांबला.

मलकापुरात बॅटरी भरून दुपारी गाडी बोळात शिरली तेव्हा अक्का दारात होती. तिनं दोघांची तोंडं पाहिली. मग आत तापत असलेल्या गाडीची काच पाहिली. भर उन्हात दव धरलेली.

"पोचली न्हाय न्हवं?"

"माहेरी जाऊन आली," जोतीराम म्हणाला.

अक्का वर गेली. ट्रंकेची कडी वाजली. थोड्या वेळानं माडीच्या खिडकीतून वायर हळूहळू खाली आली, आणि खिडकीशेजारच्या बाजेवर अक्का हिराबाईंचं जुनं घोंगडं अंथरताना दिसली.