नेलचा दुसरा अंक आणि मी, लोखंडी पडदा

मित्रांनो, दचकू नका. वरून करकर आवाज करत जो खाली येतोय, तो मीच. मी एक जुना पडदा आहे. मखमलीचा नव्हे हं! तो लाल झुळझुळीत पडदा वेगळा आणि त्याचे लाडही वेगळे. मी लोखंडाचा. सँडथॉर्प गावातल्या एम्प्रेस थिएटरात रंगमंच आणि प्रेक्षक यांच्या मधोमध मला टांगलं, त्याला आता एकशे तेरा वर्षं झाली. रंगमंचावर आग लागली तर ती माणसांपर्यंत पोचू नये, एवढ्याचसाठी माझा जन्म. आग कधी लागली नाही. पण आज लागते की उद्या, या धास्तीत सगळं आयुष्य गेलं, आणि स्वभावही तसाच झाला. चिंतातुर म्हणा, घाबरट म्हणा, मी नाही म्हणणार नाही.

शेफिल्डच्या एका कारखान्यात पत्रे ठोकून मला बनवलं. सात तुकड्यांत आगगाडीने आणलं, घोडागाडीतून थिएटरात नेलं आणि इथे जोडलं. मग गावातल्या दुकानदारांनी माझ्या पोटावर आपापल्या जाहिराती रंगवून घेतल्या. वर टोपीवाला, खाली खाटीक, कोपऱ्यात खोकल्याच्या गोळ्या. टोपीचं दुकान जाऊन साठ वर्षं झाली, तरी माझ्या पोटावर ते अजून उघडंच आहे.

आमच्याकडे एक कायदा आहे. प्रत्येक खेळाला, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, मी एकदा खाली उतरून परत वर गेलंच पाहिजे. उतरायला तीस सेकंद, त्याहून जास्त नाही. हे काम मध्यंतरात होतं. आता गंमत बघा. नाटक सुरू असतं तेव्हा मी वर अंधारात टांगलेला, आणि खाली येतो तेव्हा नाटक थांबलेलं! एवढी संगीत नाटकं माझ्या पायाखाली झाली, पण एकही मी पाहिलेलं नाही. गाणी तेवढी ऐकू येतात. मला दिसतात ती माणसं. छोट्या डब्यातलं आइस्क्रीम चमच्याने खरवडत ती पहिल्या अंकातलं गाणं गुणगुणतात आणि दुसऱ्या अंकात काय होईल यावर भांडतात. "ती त्याला माफ करणार बघ!" "छे, मी असते तर दारातही उभं केलं नसतं!" त्यांच्या चेहऱ्यांवरूनच मी संगीत नाटक म्हणजे काय ते शिकलो.

आता माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. सांगताना अजूनही माझे पत्रे थरथरतात.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. गावातल्या संगीतशिक्षकाने, क्रॅबट्री मास्तरांनी, एक संगीत नाटक लिहिलं होतं, 'बंदरावरची नेल'. नेल ही बंदरावर मासे साफ करणारी पोर. तिला दूरदेशी जायचं असतं, आणि घर सोडवत नसतं. मास्तर भारी हट्टी. त्यांनी दोन शेवट लिहिले होते. एकात नेल जहाजात चढते, दुसऱ्यात ती राहते. कलाकारांकडून दोन्ही बसवून घेतले आणि म्हणाले, "कोणता करायचा ते मी मध्यंतरात सांगेन. लोकांचे चेहरे बघितल्याशिवाय नाही."

पहिल्या खेळाला महापौरांच्या पत्नी येणार, म्हणून नगरपालिकेने आदल्या दिवशी रंगारी पाठवले. दिसेल त्याला रंग! दारं, खांब, कठडे आणि माझी चौकटसुद्धा. त्या चौकटीत दोन्ही बाजूंना खाचा असतात, त्यांतून मी वर-खाली सरकतो. रंगाऱ्यांनी त्या खाचाही पिवळसर रंगाने छान भरून टाकल्या. मी वरून बघत होतो. पाचावर धारण बसली होती माझी! पण लोखंडाला तोंड कुठे असतं?

पहिला अंक झाला. टाळ्या तर अशा की छताचा चुना पडला. मी खाली आलो. ओल्या रंगातून घसरत आलो, पण आलो. समोर तिसऱ्या रांगेत दोन बहिणी होत्या, मुरियल आणि इनिड थ्वेट. मुरियल थोरली, एकोणतीस वर्षांची, गावच्या दवाखान्यात नर्स. इनिड आइस्क्रीम आणायला गेली, तेवढ्यात मुरियलने शेजारच्या अनोळखी बाईंना हळूच सांगितलं, "कॅनडातून पत्र आलंय मला. नोकरी देतायत. महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. बहिणीला अजून बोलले नाही."

"मग काय ठरवलंस?"

"ती नेल जहाजात चढली ना, तर मीही जाणार."

"अगं पोरी, नाटकावर कुणी असं ठरवतं का?"

"मग कशावर ठरवू? तीन आठवडे झाले, माझं मला ठरवता येत नाहीये."

घंटा झाली. लोक जागेवर बसले. ऑग्डेन नावाचा चोवीस वर्षांचा गडी मला वर-खाली करणारा रहाट फिरवायचा. त्याने जोर लावला, आणि मी हललो नाही. पंधरा मिनिटांत रंग घट्ट धरला होता. त्याने पुन्हा जोर लावला. चार माणसं आली. मी जिवाच्या आकांताने ओढत होतो स्वतःला, पण तसूभरही सरकलो नाही! शेवटी व्यवस्थापक पुढे आले आणि म्हणाले, "क्षमा करा मंडळी. पुढच्या आठवड्यात दुरुस्ती होईल. तिकिटं जपून ठेवा, त्याच तिकिटावर दुसरा अंक दाखवू."

पुढचा आठवडा आला. नगरपालिका म्हणाली, त्याच्या पुढच्या आठवड्यात. असे सात आठवडे गेले. तोवर कलाकार पांगले होते. मास्तर रागावून वही घेऊन बहिणीकडे राहायला गेले आणि तिकडेच वारले. कोणता शेवट करायचा ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. दुरुस्तीवाल्यांनी हातोड्यांनी ठोकून मला मोकळं केलं. म्हणाले, "भंगार आहे सगळं." आणि ठपका बसला बिचाऱ्या ऑग्डेनवर. रहाट नीट फिरवता येत नाही म्हणे!

तेव्हापासून गावाला नादच लागला. तळलेल्या माशांच्या दुकानात रांग लागली की वाद सुरू, नेल गेली की राहिली? पुढेही इथे कितीतरी नाटकं झाली, पण प्रत्येक मध्यंतरात कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवायचंच. "हाच तो! नेलला अडवणारा!" थ्वेट बहिणीही दर नाटकाला यायच्या आणि भांडायच्या. मुरियल म्हणायची नेल गेली, इनिड म्हणायची राहिली. इनिडचं लग्न झालं, नवरा गेला, ती परत मुरियलजवळ राहायला आली. मुरियल कॅनडाला कधी गेली नाही. मध्यंतरात मी खाली आलो की ती माझ्याकडे बघायची, आणि मला वाटायचं, देवा, मला वितळवून टाक एकदाचं.

मग थिएटरच बंद पडलं. अकरा वर्षं! छत गळलं, कबुतरं आली, माझ्या तारांवर गंज चढला. रहाटाला तेलाचा थेंब नाही. बाहेर बोलणी चालायची, पाडून घरं बांधणार म्हणून. प्रत्येक आवाजाला मला वाटायचं, आले.

पण आले ते गावकरी, झाडू आणि बादल्या घेऊन. क्रॅबट्री मास्तरांच्या भाचीला ट्रंकेत ती वही सापडली होती. दोनपैकी एका शेवटावर मास्तरांनी पेन्सिलीने काट मारली होती! कोणत्या, ते दिग्दर्शिका सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं. शनिवारी दुपारी एकच खेळ करायची परवानगी मिळाली. अग्निशमन खात्याच्या बाई हातात घड्याळ घेऊन बसणार होत्या. मी नीट खाली-वर झालो तर थिएटर उघडणार, नाही तर कायमचं कुलूप.

मुरियल आता एकोणऐंशीची. हृदय अधू, गुडघे गेलेले. पहिल्याच दिवशी ती दारातून ओरडली होती, "यंदा तरी दुसरा अंक दाखवा रे! माझ्याकडे पुढचे आठवडे फार उरलेले नाहीत."

आणि खेळाच्या दोन दिवस आधी काय बघतो मी? इनिड! गुडघ्यांवर बसून, हिरव्या रंगाचा डबा घेऊन, मोठ्या प्रेमाने माझी चौकट रंगवतेय! एक बाजू झाली. कुंचला उजव्या खाचेत शिरला. शिडीवर चढून तिने वरपर्यंत रंगवलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. अगं बाई, नको! पण ओरडणार कसा? ती आपली नेलचं गाणं गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑग्डेन आला. चौऱ्याहत्तरचा म्हातारा, पण रहाट चालवायला गावात दुसरं कुणी नाही. खाच बघताच त्याने खिशातली सुरी काढली.

"इनिड! हे काय करून ठेवलंस?"

"का रे? छान नाही दिसत?"

तो सुरीने खरवडायला लागला. हिरव्याखालून पिवळसर रंगाचे वाळलेले गोळे निघाले, अगदी खडे. ऑग्डेनने एक हातावर घेतला आणि उजेडात धरला. "पन्नास वर्षं," तो म्हणाला. "पन्नास वर्षं लोक मला म्हणत होते की तुझ्याने अडकला." आणि तो रडला हो, हमसून हमसून. इनिडने कुंचला टाकून दिला. दिवसभर दोघांनी मिळून खाच साफ केली, ग्रीस भरलं. पण अगदी वरच्या टोकाला, जिथे इनिडचा लांब कुंचला पोचला होता, तिथे शिडीवरूनही ऑग्डेनचा हात पोचेना, आणि तिथे एक हिरवा ठिपका राहिलाच. तो फक्त मला दिसत होता.

शनिवारी थिएटर गच्च भरलं. पहिल्या अंकातली गाणी अख्ख्या गावाला पाठ, सगळे सोबत गात होते. माझं लक्ष त्यात कुठलं? घंटा झाली आणि मी खाली उतरलो. अठ्ठावीस सेकंद. घड्याळवाल्या बाईंनी मान डोलावली. समोर मुरियल बसली होती. आइस्क्रीमला तिने हातही लावला नव्हता.

परत घंटा. रहाट फिरला. मी उठलो, हातभर वर गेलो, आणि थांबलो. त्या ठिपक्याने धरलं मला! खालच्या फटीतून कलाकारांचे बूट तेवढे दिसत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "झालं! पुन्हा तेच!" मुरियलने डोळे मिटून घेतले.

पलीकडे ऑग्डेन माझ्याशी बोलत होता. "हे बघ बाबा, मी जोर लावणार नाही. आधी थोडा खाली चल. घाई नाही." त्याने मला वीतभर खाली सोडलं, मग अलगद वर घेतलं. परत खाली, परत वर. तिसऱ्या वेळी टक् असा आवाज झाला, हिरवा टवका सुटून पडला आणि मी वर गेलो. सरळ वरपर्यंत! खाली काय टाळ्या झाल्या म्हणता! पहिल्यांदाच, मित्रांनो, माझ्यासाठी.

दुसरा अंक मी अंधारातून ऐकला. शेवटी जहाजाचा भोंगा वाजला. नेलचा आवाज दूर दूर जात राहिला. ती गेली.

खेळ संपल्यावर मला पुन्हा खाली आणतात. लोक निघून गेले होते. गर्दी ओसरेपर्यंत मुरियल आपल्या गुडघ्यांमुळे बसून राहिली होती आणि शेजारी इनिड.

"जिंकलीस बाई तू," इनिड म्हणाली. "आता जन्मभर ऐकवशील."

मुरियल हसली नाही. तिने कॅनडाच्या पत्राचं सगळं सांगितलं. इनिड मांडीवरच्या हातमोज्यांकडे बघत होती.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "तुझ्या उशीखाली सापडलं होतं. पडदा अडकला तेव्हा सगळं थिएटर हळहळत होतं. आणि मी दोन्ही हातांत आइस्क्रीम धरून मनात म्हणत होते, ती नेल गेली तर हीही जाईल, देवा, असाच राहू दे."

मी गार पडलो. त्या दिवशी माझ्यावर खूश असलेलं एक तरी माणूस होतं, हे मला पन्नास वर्षांनी कळलं, आणि आनंद काही झाला नाही.

"म्हणून परवा खाचेत रंग फासलास होय गं, भवाने?"

"शप्पथ नाही, मुरियल! अगं, खरंच नाही!"

दोघी हसल्या. हसता हसता मुरियलने डोळे पुसले. "तुझ्यासाठी नाही राहिले मी, इनिड. मी नुसती थांबले. पुढच्या आठवड्यात दुसरा अंक दाखवू म्हणाले होते ना? मग त्याच्या पुढच्या. तेवढ्यात महिना संपला आणि पत्राला उत्तर द्यायचं राहूनच गेलं. वाईट गेलं नाही गं आयुष्य. पण माझं मी ठरवून राहिले असते तर बरं झालं असतं."

इनिडने तिला कोट घातला, वरपर्यंत बटणं लावली आणि हात धरून बाहेर नेलं.

मित्रांनो, आता थिएटर उघडलंय. माझं कौतुक होतं, वर्तमानपत्रात माझा फोटोही आला. तुम्ही याल तेव्हा मला रंगवू नका, हार घालू नका. महिन्यातून एकदा खाचेत बोट फिरवून बघा, एवढंच पुरे. आणि तुमच्या गावात एखादं दार, एखादा पूल, एखादी विहीर 'पुढच्या आठवड्यात' म्हणून पडून असेल, तर ते काम आजच करा. त्याच्या पलीकडे कोण थांबलंय हे तुम्हाला दिसत नाही. मला दिसत होतं. ती तिसऱ्या रांगेत बसली होती आणि मला बोलता येत नव्हतं.