अठरा हात कामटीची साक्ष

मी एक कामटी बोलतेय. बांबू उभा चिरून काढलेली लांब, लवचिक पट्टी. लांबी अठरा हात, रुंदी दोन बोटे, टोकाला लोखंडी आकडा. मापे आरंभीच सांगून टाकते, कारण माझ्या आयुष्यातला एकमेव मोठा तंटा मापावरून पेटला आणि माझ्यामुळेच मिटला. बालाघाटातले हिंदी बोलणारे मला 'खपच्ची' म्हणतात. त्या शब्दात काहीतरी फेकून दिल्याचा आवाज आहे. म्हणून मी स्वतःला कामटीच म्हणवून घेते.

परसवाड्याकडच्या रानात माझा बांबू वाढला. १९६६ साली सुपे-टोपल्या विणणाऱ्या जिजाबाईने त्याला चिरले. माझ्या बहिणी वीत-वीत कापल्या जाऊन सुपांत गेल्या. मला मात्र तिने बाजूला टाकले. माझ्या गाठी जाड होत्या आणि सूप त्या सोसत नाही. नाकारली गेले, म्हणूनच अखंड राहिले. गुणवत्तेच्या पुष्कळ कथांचा उगम असाच असतो; सांगताना मात्र तो वगळतात.

फकिरा मिस्त्री एका आठवडी बाजारात जिजाबाईकडे आला. त्याने मला उचलले, वाकवून पाहिले, सोडले, पुन्हा वाकवले.

"मले अशीच पायजे," तो म्हणाला. "वाकली पायजे, पन मोडली नाही पायजे."

"बांबू घ्याले आला का बायको पाहाले?" जिजाबाईने विचारले.

फकिराने माझ्या गाठी तासल्या, मला आठ दिवस पाण्यात बुडवले, मग चुलीवरच्या धुरात टांगले. जुन्या बादलीची कडी पिळून तिचा आकडा केला आणि तारेने माझ्या टोकाला घट्ट बांधला. तेव्हापासून माझा व्यवसाय ठरला : घरांच्या मोरीनळांत शिरलेली झाडांची मुळे ओढून काढणे.

हा व्यवसाय ऐकून नाक मुरडणाऱ्यांसाठी थोडे स्पष्टीकरण. ज्या वर्षी आमच्या राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या १९५६ साली बालाघाट शहराच्या या भागात बरीच नवी घरे उभी राहिली. मोरीचे पाणी रस्त्याच्या नालीपर्यंत नेण्यासाठी जमिनीखाली भाजलेल्या मातीचे नळ घातले गेले. एकेक नळ दीड हात लांब, प्रत्येक जोडावर चुना. चुना दहा वर्षांत भेगाळतो. त्या भेगेतून मूळ केसाएवढे आत शिरते आणि आत ओल, अंधार व उष्ट्या भाताची पेज मिळाली की घोड्याच्या शेपटीएवढे फुलते.

मोरी तुंबली की माणसे प्रथम सुनेकडे पाहतात, नंतर शेजाऱ्याकडे आणि सर्वांत शेवटी नळाकडे. फकिराला बोलावणे येई ते या तिसऱ्या टप्प्यावर. तोपर्यंत पहिल्या दोन टप्प्यांत व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असे.

१९६७ च्या मे महिन्यात अनुसयाबाईंकडून असे बोलावणे आले. अनुसयाबाई शिवणकाम करणाऱ्या विधवा होत्या. त्यांचे घर पश्चिमेकडे तोंड केलेले, दुपारनंतर भट्टीसारखे तापणारे. म्हणून फाल्गुनापासून मृगापर्यंत त्यांचे शिलाई मशीन परसातल्या जांभळाच्या झाडाखाली असे. तेच त्यांचे दुकान, तीच त्यांची सावली. वारासिवनीच्या बायकासुद्धा पोलकी शिवून घ्यायला तिथपर्यंत येत.

त्यांच्या शेजारी, उताराच्या बाजूला, निवृत्त पटवारी टिकाराम राहत. तीस वर्षे त्यांनी साखळी ओढून लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. त्यांच्या परसात एक भव्य उंबर, त्याला दगडी पार, पारावर दत्ताची तसबीर, आणि बाजूलाच विहीर. ती विहीर कधी आटली नव्हती. कोणीही भेटो, टिकाराम तर्जनी वर करून सांगत, "उंबर तिथे पाणी. लिहून घ्या." लोक लिहून घेत नसत, परंतु मान डोलावत.

अनुसयाबाईंच्या मोरीचा नळ त्यांच्या परसातून निघून, कुंपणाखालून टिकारामांच्या परसात जाई आणि तिथून रस्त्याच्या नालीला मिळे. नळ तुंबला, पाणी मोरीतून उलटले, उतारावरून वाहत गेले आणि थेट दत्ताच्या पाराला लागले. टिकारामांची स्वतःची मोरी पुढे, नालीच्या तोंडाशी जोडलेली असल्याने ती स्वच्छ वाहत होती. एवढ्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला.

"तुझ्या जांभळाच्या मुया नळात शिरल्या, अनुसया," ते कुंपणावरून म्हणाले. "झाड काढ. नाहीतर मी नगरपालिकेत अर्ज देतो."

"काका, झाड गेलं त मशीन कुठं ठेवू? तुमच्या डोक्यावर?"

"दत्ताच्या पाराले मोरीचं पानी लागून राह्यलं, अन् तुले मशीनचं पडलं!"

अर्जाची भीती खरी होती. पटवाऱ्याने तीस वर्षे अर्जच तर लिहिले होते. अखेर असे ठरले की फकिराने नळ साफ करावा. मूळ जांभळाचे निघाले तर झाड जाईल. लाकूडतोड्या महागूला शुक्रवारी बोलावले. गुरुवारी हिरव्या झाडावर कुऱ्हाड चालवणे दत्तभक्तांना मान्य नव्हते. झाडाच्या दृष्टीने या दोन दिवसांत फार फरक असेल, असे मला वाटत नाही.

शुक्रवारी सकाळी महागू कुऱ्हाड मांडीवर घेऊन जांभळाखाली विडी ओढत बसला. अनुसयाबाईंनी मशीन झाडाखालून हलवले नव्हते. त्यावर एक अर्धवट पोलके तसेच होते. टिकारामांच्या पत्नी रुख्माबाई कुंपणाशी उभ्या होत्या. फकिराने मला मोरीच्या तोंडातून आत सरकवले.

आतला प्रवास वर्णन करण्यासारखा नाही. सरकत, घासत मी पुढे गेले आणि एका ठिकाणी थांबले. समोर दाट, मऊ, ओले काहीतरी होते. फकिराने मोरीच्या तोंडाशी माझ्यावर लाल दोरा बांधला, मला दोन पिळे दिले आणि ओढले. आकड्यात गुंतून मुळांचा एक कुजका गुंता बाहेर आला.

"पाहा!" टिकाराम गर्जले. "रंग पाहा. जांभळा!"

पंधरा दिवस मोरीत राहिलेल्या कोणत्याही वस्तूचा रंग काळपट जांभळाच होतो. पण हे कोणी बोलले नाही. महागूने विडी विझवली.

मग टिकारामांनी दोऱ्यापासून आकड्यापर्यंत मला स्वतःच्या हाताने मोजले. "सोळा हात," त्यांनी जाहीर केले. "म्हणजे बरोब्बर जांभळाखाली. सरकारी हात हाय हा, चुकाचा नाही."

सोळा हा आकडा इतक्या ठामपणे उच्चारला गेला की कुंपणाशी जमलेल्या दोघातिघांनी मान डोलावली. आकडा मिळाला की तो कुठून कुठपर्यंतचा आहे, हे विचारण्याची गरज माणसांना भासत नाही. अनुसयाबाईंना मात्र भासली. कापडाशी रोज संबंध येणाऱ्या बाईला सैल मापाचा परिणाम ठाऊक असतो.

"सोळा हात कुठून कुठवर, काका?" त्या म्हणाल्या. "आम्ही कापडावर कागदाचा नमुना ठेवतो, मंगच कैची चालवतो. नळ सरळ हाय. कामटी त्याच्या वर, जमिनीवर ठेवा न. आकडा जिथं येईन, तिथं मूळ."

"नळ म्याच घातला," फकिरा म्हणाला. "सूत धरून. सरळ हाय."

"मोरीतला बांबू माझ्या अंगणात? दत्ताच्या पाराजवळ?" टिकारामांचा आवाज चढला.

"तुमच्या अंगणाखालून त मोरी रोजच जाते, काका. बांबू एक दिवस वरून गेला त काय बिघडलं?"

रुख्माबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू लपवण्याची ही पद्धत फार जुनी आहे आणि तिने आजवर कोणालाही फसवलेले नाही.

फकिराने माझा दोरा मोरीच्या तोंडाशी धरला आणि मला नळाच्या रेषेवर अंथरले. सातव्या हातावर जांभूळ मागे पडले. अकराव्या हातावर कुंपण आले. माझ्यासाठी त्याची एक काडी बाजूला केली गेली. सोळाव्या हातावर माझा आकडा दत्ताच्या पाराला टेकला.

वर उंबराचे एक पिकलेले फळ सुटले आणि पारावर पडले.

"बांबू नळात वाकते," टिकाराम शेवटी म्हणाले. "वळणात लांबी जाते."

"पटवारीजी, वीतभर रुंद नळात नऊ हात वाकाले हे कामटी हाय का साप?" फकिराने विचारले.

पटवाऱ्याला पंचनाम्याची सवय असते. एका साक्षीवर तो निकाल देत नाही. म्हणून फकिराने मला दुसऱ्यांदा आत घातले, पूर्ण जोर लावून पिळले आणि हिसका दिला. काहीतरी तुटले. नळातून गडगड आवाज झाला, तुंबलेले पाणी पुढे धावले, आणि माझ्याबरोबर एक जिवंत, करंगळीएवढे मूळ बाहेर आले. त्याच्या ताज्या तुटीवर पांढरे थेंब जमू लागले.

रुख्माबाई कुंपणाच्या फटीतून आल्या. त्यांनी एक थेंब बोटावर घेतला, दोन बोटांत चिकटवून पाहिला.

"हा त उंबराचा चीक हाय," त्या म्हणाल्या. "लहानपणी गाल सुजले की माय हाच लावत होती. जांभळाले कुठं चीक असते?" मग नवऱ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "अवं, तीस वर्सं दुसऱ्याच्या शिवा पाह्यल्या. आपलाच देव दुसऱ्याच्या नळात शिरून राह्यला, हे नाही दिसलं?"

उंबर असेल तिथे पाणी असते, हे त्या अंगणात सगळ्यांना पाठ होते. पाणी असेल तिथे उंबर जातो, हे मात्र कोणालाच सुचले नव्हते.

महागू सरळ मनाचा माणूस होता. तो उठला, कुऱ्हाड खांद्यावर घेतली आणि विचारले, "मंग कोनतं तोडाचं? हे?"

त्याने उंबराकडे बोट केले. टिकारामांचा चेहरा पाहून मला त्या क्षणी खरोखर दया आली. कायदा त्यांनीच केला होता : ज्याचे मूळ, त्याचे झाड जाईल. ते अनुसयाबाईंकडे पाहत राहिले. अर्जाची भाषा इथे उपयोगाची नव्हती आणि दुसरी त्यांना येत नव्हती.

अनुसयाबाईंनी घाई केली नाही. मशीनवरचे पोलके उचलले, झटकले, घडी घातली. एवढा वेळ त्यांनी मुद्दाम घेतला, हे माझे मत आहे.

"कोनतंच नाही, महागूभाऊ," त्या म्हणाल्या. "च्या पिऊन जा. दरसाल पाण्याच्या आधी नळात कामटी घालाची. आकड्याचं टोक फकिराभाऊ पाहातीन." आणि थोडे थांबून, "शेपूट काका धरतीन."

"मी? मोरीच्या बांबूले हात लावू?"

"हौ," उत्तर रुख्माबाईंनी दिले. "सरकारी हात हाय न."

तेव्हापासून दर ज्येष्ठात माझी शेपूट एका पटवाऱ्याच्या हातात असे. मूळ बाहेर आले की टिकाराम त्याला विहिरीच्या पाण्याने धूत, हळद-कुंकू वाहत आणि वैनगंगेत सोडण्यासाठी पानात बांधून ठेवत. नंतर, मुळाला हात लागला म्हणून स्वतः आंघोळ करत. मूळ पवित्र असेल तर आंघोळ कशाला आणि अपवित्र असेल तर कुंकू कशाला, हा प्रश्न मी मनातच ठेवला. पाच वर्षे ते नेमाने आले. प्रश्न विचारला असता तर कदाचित आले नसते.

पुढे फकिराला वारासिवनीच्या एका तांदूळ गिरणीत कायमचे काम लागले. जाताना त्याने मला अनुसयाबाईंच्या दारी टेकवले. "वर्साकाठी इथंच येते," तो म्हणाला, "त आता नांदू द्या."

दोन वर्षांपूर्वी इथे सिमेंटचे नळ आले. घालणारा म्हणाला, यात मूळ शिरणे अशक्य. मी नळाच्या बाबतीत बरेच काही पाहिले आहे. सिमेंटच्या नळालाही जोड असतात, एवढेच नोंदवून ठेवते.

आज, १९७५ साली, मी जांभळाच्या बेचक्यात टेकून उभी असते. माझ्या एका बाजूला चीर गेली आहे आणि पाठ सरळ होत नाही. ज्या आकड्याने मी मुळे ओढली, त्याने आता अनुसयाबाई फांद्या ओढतात. पंचाहत्तरी ओलांडलेले टिकाराम धोतराचा सोगा पसरून खाली उभे राहतात.

"एक घोस इकडंही येऊ दे, अनुसया."

"आधी जीभ दाखवा, काका," त्या म्हणतात. "रंग पाहा! जांभळा!"

त्या सकाळबद्दल टिकारामांनी कधी क्षमा मागितली नाही. मागतील अशी अपेक्षा कोणी ठेवली नव्हती. परंतु गेल्या आठवड्यात रामपायलीचा एक शेतकरी त्यांच्याकडे आला. त्याला नव्या घराशेजारी विहीर खोदायची होती. जागा कोणती निवडावी, हे विचारत होता. टिकाराम जांभळाखालीच उभे होते. त्यांनी तर्जनी वर केली.

"उंबर तिथे पाणी," ते म्हणाले. मग जांभळाची बी थुंकली, माझ्याकडे पाहिले, आणि बोट हळूहळू खाली आणले. "अन् पाणी तिथे उंबर. घराचा नळ त्याच्यापासून दूर घालजो, बापू. शेजाऱ्याच्या झाडावर आळ घेऊ नको."

मशीनचा आवाज थांबला. अनुसयाबाईंनी मान वर केली नाही. दोन टाके पडतील एवढा वेळ गेला आणि मशीन पुन्हा सुरू झाले.

हे ऐकण्यासाठी मी आठ वर्षे वाट पाहत होते. आता मला चुलीत घातले तरी माझी तक्रार नाही. वाळलेला बांबू छान पेटतो. आकडा तेवढा काढून ठेवा. उंबराला अजून तहान लागते.