केतकीची ओटी

मंगळवारपासून मला जो हात लावतो, तो भिंतीवर जाऊन आदळतो. आहेराच्या सिंथेटिक साड्या झटकून घड्या घालता घालता माझ्या अंगात काहीतरी साठलं. हात लावणाऱ्याकडे त्यातलं निम्मं जातं, आणि दोघांकडे तेच असलं की दोघांना जवळ राहता येत नाही.

पहिला नंबर आमच्या ह्यांचा. चहाचा कप घेताना बोटं लागली नि हे थेट टीव्हीच्या कोपऱ्यात. आता मी पुढे झाले, अंतर निम्मं झालं, की धक्का चौपट होतो. चहा केरसुणीच्या दांड्याने सरकवते. मग नणंद आल्या, नलूवन्सं. समजूत काढायला पाठीवरून हात फिरवला, आणि गेल्या समोरच्या कोपऱ्यात. त्या भावाबहिणींनाही आता एकमेकांजवळ जाता येत नाही. वाटून वाटून संपेल असं वाटलं होतं मला. संपत नाही.

"अनवाणी अंगणात उभी राहा. मातीत उतरेल," हे कोपऱ्यातून म्हणाले.

"राहिले. मातीने घेतलं नाही."

"नीट उभी राहिली नसशील."

आज केतकी निघाली. लेक दोन वर्षांसाठी परदेशी चाललीय, गाडी फाटकाशी उभी, आणि ओटी भरल्याशिवाय मी तिला कधी पाठवलेलं नाही. तिने मला अजून हात लावलेला नाही, म्हणून तिला मी ढकलत नाही, ओढते. कंगवा कागदाचे कपटे ओढतो तशी. ती दाराची चौकट धरून उभी होती. एकदा शिवली की तीही जाणार, आणि तिच्यामागे भिंत नाही, उघडं दार आहे.

"लांबूनच भर ना ओटी," ती म्हणाली.

मी तांदूळ ओंजळीत घेतले. ते उठले आणि आमच्या मधे हवेत रांगांनी उभे राहिले. मधली रांग सरळ, कडेच्या बाकदार, प्रत्येक दाण्याचं टोक तिच्याकडे. पदरात एकही पडेना.

"हात मागे घे, वहिनी," नलूवन्सं म्हणाल्या.

घेतले. ओढ हातांत नव्हतीच.

चौकटीवरची तिची बोटं सुटली. पावलं फरशीवरून उचलली गेली.

"आई, मी नाही हं येत. तूच ओढतेयस."

ती हसत होती. मी ओटीचा नारळ दोन्ही हातांनी पाठीशी घट्ट धरला. तिचे मोकळे केस तिच्या आधी पोचले. माझ्या गालाच्या आणि त्यांच्या मधे एकच दाणा उभा होता.